व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) लिक्विडबद्दलचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘व्हेपचं लिक्विड म्हणजे नुसतं फ्लेवरचं पाणी, मुलाने प्यायलं तर मीठपाणी पाजून उलटी काढा’ असा मेसेज फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम निकोटिन असलेल्या 10 मिलिलिटरच्या बाटलीत 200 मिलिग्रॅम विष असतं, आणि ते कातडीतूनही भिनतं. डिसेंबर 2014 मध्ये न्यूयॉर्क राज्यात वर्षाचं बाळ यानेच दगावलं. विषबाधा झाली की आधी उलट्या, लाळ, घाम. मग झटके, श्वास मंदावणं. मुद्दाम उलटी काढू नका, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. मीठपाणी तर स्वतःच घातक. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून कातडी साबणाने धुवा. प्यायलं असो वा सांडलं, 108 ला फोन करा, बाटली सोबत न्या. भारतात 2019 पासून व्हेपवर विक्रीबंदी आहे, पण त्या भीतीने डॉक्टरांपासून काही लपवू नका. तो मेसेज ज्यांना पाठवला असेल, त्यांना कृपया आजच हे कळवा.