‘वाळूत टाका, आपोआप फुलेल’ हे खरं नाही

गेल्या आठवड्यात एकच फोटो तीन नातेवाइकांनी मला पाठवला. रक्तासारख्या लाल पाकळ्या, मधोमध काळाभोर फुगीर डोळा. खाली मजकूर असा: ‘ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं अतिदुर्मिळ फूल. बी वाळूत टाका, पाणी घालू नका, एकदा लावलं की वर्षानुवर्षं फुलतं. तिकडच्या ओळखीच्यांकडून रानातलं बी मागवा आणि ही जात वाचवा.’ मी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला राहते आणि हेच फूल अंगणात वाढवते, म्हणून सविस्तर लिहिते.

फूल खरं आहे. नाव स्टर्ट्स डेझर्ट पी, वाटाण्याच्या कुळातलं. आपल्याकडचा लाल हादगा आठवा, तशीच चोच. लांबी साधारण ९ सेंटीमीटर. पण ‘अतिदुर्मिळ’ नाही. इथल्या कोरड्या अंतर्भागात चांगला पाऊस झाला की मैलोन्‌मैल जमीन लाल दिसते. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पिअरने १६९९ मध्ये वायव्य किनाऱ्याजवळच्या बेटावर त्याचे नमुने गोळा केले होते. १८४४ मध्ये निघालेल्या संशोधक-प्रवासी चार्ल्स स्टर्टच्या मोहिमेवरून आजचं नाव पडलं आणि १९६१ पासून ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल आहे. बागेत क्वचित दिसतं, कारण ते जगवणं कठीण आहे.

बी वाळूत टाकून उगवेल? बहुतेक नाही. कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. गोकर्णाचं बी लावणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मी एकेक बी पॉलिश पेपरवर हलकेच घासते, मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवते. जे फुगलं तेच पेरते.

सर्वांत घातक सल्ला पाण्याचा. वाळवंटातलं रोप म्हणजे पाणी नको, हा समजच चुकीचा. रानात हे बी भरपूर पावसानंतरच रुजतं आणि वरची माती सुकायच्या आत सोटमूळ खोल ओलीपर्यंत पोचवतं. कुंडीत तशी खोल ओल कुठून येणार? त्यामुळे पाणी द्यावंच लागतं, पण सकाळी, बुडाशी, आणि वरची माती कोरडी झाल्यावरच. केसाळ करड्या पानांवर पाणी साचू द्यायचं नाही. माती वाळू-खडीची, पाणी झरझर निघून जाणारी हवी. निचरा अडला की मूळ कुजतं. ऊन दिवसभराचं. पावसाळ्यातल्या मुंबई-कोकणाची दमट हवा त्याला मानवणं अवघड आहे, हेही सांगायला हवं. आणि गोगलगायी! कोवळी रोपं त्या एका रात्रीत फस्त करतात.

बी पेरायचं ते थेट कायमच्या, खोल कुंडीत. पहिल्या वर्षी मी ट्रेमध्ये वाढलेली सहा रोपं काढून मोठ्या कुंड्यांत लावली. मुळं दुखावली आणि आठवड्याभरात सहाही गेली. फार वाईट वाटलं होतं. तेव्हापासून मी त्याचं मूळ हलवत नाही.

‘वर्षानुवर्षं’ म्हणाल तर, हे एका हंगामाचं, फार तर थोड्या वर्षांचं रोप आहे. शेंगा वाळल्या की बी जपून ठेवायचं आणि पुन्हा पेरायचं.

राहिलं ‘रानातलं बी मागवा’. हे वाचून मला खरंच राग आला. दक्षिण ऑस्ट्रेलियात ही वनस्पती संरक्षित आहे. सरकारी जमिनीवरून परवान्याशिवाय आणि खासगी जमिनीवरून मालकाच्या संमतीशिवाय ती घेता येत नाही. इथे रोपवाटिकांमध्ये बी विकत मिळतं, रानात हात घालायची गरजच नाही. पण ते विकतचं बीसुद्धा पाकिटात घालून भारतात धाडता येत नाही. त्यासाठी आयात परवाना आणि इथल्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, कारण बियांबरोबर रोग आणि कीडही प्रवास करते. म्हणून मावशी, काका, तुम्ही मागितलेलं बी मी पाठवणार नाही. सप्टेंबरात माझ्याकडे या, कुंडीतलं फूल दाखवते.