सळई आणि काठी

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरच्या कॅथीड्रलमध्ये तिथला राजा दुसरा एडवर्ड याची कबर आहे. अलाबास्टरमध्ये कोरलेली कुरळ्या दाढीची मूर्ती, उशाशी देवदूत, पायाशी सिंह. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना मी ती आवर्जून दाखवतो, आणि प्रश्न हटकून एकच येतो : तापलेल्या सळईने मारला, तो हाच ना?

त्या सळईला समकालीन पुरावा नाही. २१ सप्टेंबर १३२७ रोजी बर्कलीच्या किल्ल्यात राजा कैदेत मरण पावल्याचे जाहीर झाले. सळई मागाहून लिहिणाऱ्यांनी आणली आणि इथले लोकही ती चवीने सांगतात. नवऱ्याविरुद्ध उठलेल्या त्याच्या राणीला, इझाबेलाला, ‘लांडगीण’ म्हणतात, तेव्हा मला आनंदीबाई आठवतात. नारायणराव पेशव्यांच्या खुनावरून आमच्या घरात अजून वाद होतो, पण तो ‘ध’चा ‘मा’ कोणी केला यापुढे सरकत नाही.

मला महत्त्वाचे वाटते ते राजाला गादीवरून काढताना मांडलेले जानेवारी १३२७ मधले आरोपपत्र. राजा स्वतः कारभार पाहत नाही, वाईट सल्लागारांच्या तंत्राने चालतो, त्याने स्कॉटलंड गमावले, न्याय दिला नाही आणि राज्याभिषेकाची शपथ मोडली, असे त्यात कलमवार मांडले आहे. गॅव्हेस्टन आणि पुढे डिस्पेन्सर बापलेक या लाडक्यांवर उधळलेली मर्जी, १३१४ मध्ये स्कॉटलंडकडून बॅनकबर्नला झालेला पराभव, १३२२ मध्ये विरोधक सरदार, लँकेस्टरचा थॉमस, याचा शिरच्छेद, हे सारे त्या कलमांमागे उभे आहे. राजाला कैदेत ठेवले होते त्या केनिलवर्थच्या किल्ल्यात शिष्टमंडळ गेले, राजाने रडत पद सोडले, आणि राजगृहाचा कारभारी टॉमस ब्लाउंट याने, राजा मेल्यावर करतात तशी, आपल्या हुद्द्याची काठी मोडली. राजा समोर जिवंत असताना!

यातून राज्य लगेच सुधारले असे मुळीच नाही. चौदा वर्षांच्या तिसऱ्या एडवर्डच्या नावाने इझाबेला आणि तिचा साथीदार सरदार मॉर्टिमर यांनी तीन वर्षे तशीच लूट केली आणि १३३० मध्ये मॉर्टिमर फासावर गेला. तरीही गादीवरच्या माणसाकडे कारभाराचा लेखी जाब मागता येतो, हे तिथे ठरून गेले.

आपल्याकडे १७७४ मध्ये बारभाईंनी राघोबादादांना दूर सारले आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे आणवली. रामशास्त्र्यांचा बाणेदारपणा आपल्याला पाठ आहे. पण छत्रपतींच्या नावाने, रीतसर, पेशवा कसा बदलला गेला, हे मला शाळेत कोणी समजावून सांगितले नाही. पुढच्या खेपेला पाहुणे आले की सळईच्या प्रश्नावर मी त्यांना आधी ब्लाउंटच्या काठीची गोष्ट सांगणार आहे आणि मग साताऱ्याच्या त्या वस्त्रांची.