जाम विंच, हातोडी आणि थेट करंट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खरं सांगतो. दुसऱ्यांदा ब्रेकबद्दलच्या ओळीवर थांबलो आणि विंच (गाडीवर बसवलेलं, दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) परत खोलली. त्याचं पुढे सांगतोच.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. माझी १२ व्होल्टची, ९५०० पौंडी (म्हणजे साधारण ४३०० किलोची) विंच वर्षभर न वापरता बंपरवर बसून राहिली आणि जाम झाली. बटण दाबलं की सोलेनॉइडचा (मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाज, बाकी शांतता. ती मी पूर्ण खोलून दुरुस्त केली. त्यावर तुमचं म्हणणं असं: एवढा पसारा मांडायची गरजच नव्हती. मोटरवर हातोडीचे चार ठोके, गंज सोडवणारा स्प्रे सढळ हाताने, आणि बॅटरीवरून थेट दोन-तीन झटके. तुमची अशीच सुटली. नाहीच सुटली तर दोर दुसऱ्या गाडीला बांधून ओढायचा. आणि फोटोत ब्रेकला ग्रीस दिसतंय, ते साफ चूक आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. बहुतेक विंचप्रमाणे माझ्याही विंचचा ब्रेक ड्रमच्या, म्हणजे दोर गुंडाळायच्या रिळाच्या, पोटात बसतो. मोटर थांबली की तो आतून ड्रमला घट्ट धरतो आणि गाडी दोरावर लटकून राहते. तो कोरडाच हवा. मी गिअर धुऊन नवं ग्रीस भरलं, त्याच बरबटलेल्या हातांनी ब्रेकचा दांडा उचलून आत सरकवला, वर हौसेने फोटोही काढला. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर सौम्य उतारावर गाडी दोरावर धरली, ड्रमच्या कडेला आणि शेजारच्या चौकटीवर सलग एक खडूची रेघ मारली आणि बाजूला उभा राहिलो. दहा मिनिटांत रेघेचे दोन तुकडे झाले होते, मध्ये बोटभर अंतर. ब्रेक क्लीनरने धुऊन पाहिलं, पण अस्तर ग्रीस प्यायलं होतं. नवा ब्रेक टाकला, आता रेघ जागची हलत नाही. मूळ लेखातला तो फोटो काढून टाकला आहे. आभार.

पसाऱ्याबद्दलही अर्धं मान्य. मी आधी गिअरबॉक्स खोलला, अर्धा दिवस त्यात घालवला, आणि गिअरबॉक्स ठणठणीत निघाला. आजार म्हशीला, औषध पखालीला! तो खोललाच नसता तर ब्रेकलाही ग्रीस लागलं नसतं. जाम कुठे आहे ते न बघता मी पाना चालवला, तुम्ही हातोडी. चूक एकच. फरक इतकाच की माझ्या चुकीने वेळ गेला आणि एक ब्रेक गेला; तुमच्या पद्धतीने मोटर जाऊ शकते.

जाम कुठे आहे हे शोधायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बॅटरीची तार काढायची. क्लचचा (ड्रम गिअरला जोडणारा-सोडणारा) खटका 'फ्री'वर टाकून दोर हाताने ओढून बघायचा. ड्रम फिरला तर ड्रम आणि त्याचे बुश ठीक आहेत. दोष गिअर, ब्रेक किंवा मोटरमध्ये. मग मोटर काढायची. माझ्या मोटरला दोन लांब बोल्ट आहेत, पण ते सोडण्याआधी मोटरचं झाकण, कवच आणि विंचची चौकट या तिन्हींवरून एक खूण ओढून घ्या, नाहीतर परत बसवताना झाकण कुठल्या बाजूला होतं याचा घोळ होतो. मोटर बाहेर आली की तिचा दांडा हाताने फिरवा आणि गिअरकडे जाणारा दांडाही फिरवा. जो फिरत नाही तो चोर. माझ्याकडे गिअरकडचा दांडा मजेत फिरत होता (२६५ फेऱ्यांना ड्रमची एक फेरी, त्यामुळे ड्रम फिरतोय हे कळायलाच वेळ लागतो) आणि मोटर ढिम्म होती. हे मी गिअरबॉक्स उघडण्याआधी करायला हवं होतं. लेखात आता हाच क्रम पहिला टाकला आहे.

आता तुमचे उपाय. दोर दुसऱ्या गाडीने ओढण्याचा सल्ला मी इतरांकडूनही ऐकलाय, आणि तो मुळातच चालत नाही. क्लच फ्रीवर असेल तर ड्रम गिअरपासून सुटलेला असतो, दोर नुसता बाहेर येतो, मोटरला त्याचा पत्ताही लागत नाही. क्लच गुंतलेला असेल तर दोर बाहेर ओढला जाणं हेच तर थांबवायला ब्रेक बसवलाय. म्हणजे तुम्ही भांडताय ब्रेकशी. दोन्ही प्रकारांत जोर मोटरपर्यंत पोचतच नाही. तुटला तर दोर तुटेल किंवा गिअरचे दात जातील.

हातोडीचं उत्तर मोटर कुठल्या जातीची आहे यावर. विंचमध्ये दोन जाती भेटतात. एकीत कवचाच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात, तिला साधारणपणे तीन जाड टर्मिनल आणि शिवाय अर्थिंग. दुसरीत कवचाला आतून कायमचे चुंबक चिकटवलेले असतात, तिला दोनच जाड टर्मिनल. पहिलीला लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हलके टोले चालतात. दुसरीला अजिबात नाही. ते चुंबक बशीसारखे ठिसूळ असतात आणि पाणी शिरून आतून गंज फुगला असेल तर त्यांचा गोंद आधीच सुटायला आलेला असतो. एक टवका उडाला आणि आर्मेचरच्या (मोटरच्या आतल्या फिरणाऱ्या भागाच्या) फटीत अडकला, की आधी जाम नसलेली मोटरही जाम होते.

थेट करंटबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. फिरणारी मोटर स्वतःच विरोधी व्होल्टेज तयार करते आणि करंटला लगाम घालते. अडकलेल्या मोटरमध्ये तो लगामच नसतो. मध्ये फक्त तांब्याचा आणि तारांचा किरकोळ रोध. या आकाराची विंच पूर्ण भाराला ४०० अँपिअरच्या घरात करंट घेते, अडकलेली त्याहून जास्त. बॅटरी दबून १० व्होल्टवर आली असं धरलं तरी ४००० वॅट, आणि काहीच फिरत नसल्याने सगळी उष्णता. त्यातही ती सगळीकडे सारखी पसरत नाही. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं, तो कम्युटेटर; त्यावर टेकलेले कार्बनचे ठोकळे आत करंट देतात. कार्बनखाली त्या क्षणी ज्या पट्ट्या असतात त्यांनाच सगळा मार बसतो. त्या काळ्यानिळ्या पडतात, तारांची डाखणी (सोल्डर) मऊ होते, आणि मोटर पुढे कधीतरी जोरात फिरली की डाखणीचे थेंब कवचावर उडतात. म्हणून 'सुटली' म्हणजे 'वाचली' असं लगेच म्हणता येत नाही.

हेच रिमोटच्या बटणाने केलं तर सोलेनॉइडचे संपर्क वितळून चिकटू शकतात. मग बटण सोडल्यावरही विंच ओढतच राहते. तुम्ही सोलेनॉइड टाळून थेट तार लावलीत, तिथे थांबवायचा एकच मार्ग: चिमटा ओढून काढणं, तोही बॅटरीजवळ ठिणगी पाडत, जिथे हायड्रोजन असू शकतो. आणि क्लच गुंतलेला असताना मोटर अचानक सुटली, तर हुक थेट विंचच्या तोंडाशी जाऊन आदळतो. निदान क्लच फ्रीवर होता ना तुमचा?

स्प्रेला माझा विरोध नाही, जागेला आहे. जोडलेल्या मोटरवर सढळ मारलेला स्प्रे कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा चिखल करतो, आणि दांड्यावरून ओघळला तर ब्रेकपर्यंतही जातो. मी मोटर सुटी करून उभी ठेवली, दांड्याच्या बाजूने थोडा मारला, रात्रभर सोडला. सकाळी दांड्याला पाना लावून मागे-पुढे, मागे-पुढे. पहिल्यांदा केसभर हलला. अर्ध्या तासाने कुरकुरत पूर्ण फेरी. मग झाकण काढलं तर चमचाभर तपकिरी पाणी आणि ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा गंज. आर्मेचर आणि आतल्या लोखंडात मिलिमीटरही फट नसते; एवढा गंज तिथे पाचरीसारखा बसला होता.

हे पाणी आलं कुठून, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तोच भाग सगळ्यात रंजक वाटला. विंच काम करून तापलेली असते, आतली हवा प्रसरण पावलेली. तशातच ती थंड पाण्यात बुडली की हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. माझ्या मोटरला पाणी निघायला एक भोक आहे, पण विंच आडवी बसवायच्या नादात मी मोटर अशी फिरवली होती की ते वर आलं. निचऱ्याचं भोक आकाशाकडे! आता ते खाली आहे, आणि महिन्यातून एकदा दोर थोडा सोडून भाराखाली परत गुंडाळतो.

साफसफाईत एक गोष्ट लेखात राहून गेली होती: आर्मेचरच्या लोखंडाला एमरी पेपर चालतो, कम्युटेटरला नाही, त्याचे कण वीजवाहक असल्याने पट्ट्यांमधल्या खाचांत अडकले तर शॉर्ट करतात. तिथे बारीक काचपेपर, आणि नंतर खाचा कोरड्या ब्रशने मोकळ्या करायच्या.

तुमच्या विंचबद्दल माझा अंदाज असा की आर्मेचर घट्ट गंजलेलंच नसावं. कार्बन त्यांच्या घरात अडकून वर राहिले असतील आणि ठोक्याने खाली बसले असतील. तसं असेल तर अडकलेल्या स्थितीत फारसा करंट गेलाच नाही, आणि तुमची मोटर शाबूत आहे. खरं-खोटं बघायला मोटरचं मागचं झाकण काढावं लागेल. कम्युटेटर सगळीकडे सारखा तपकिरी दिसला तर माझी भीती तुमच्यापुरती फोल. ठरावीक अंतरावर एक-दोन पट्ट्याच काळ्या दिसल्या, तर चढावर तिच्या भरवशावर लटकू नका. जे दिसेल त्याचा फोटो टाका, मीही इथे लावतो, तुमच्या बाजूचा असला तरी.