त्या मुलाला गिटार पिशवीत घालायला लावलीत

आज दुपारी एका जॅमरूममध्ये अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा गिटारवर ‘मिसिरलू’ ही धून बसवत होता. बँडमधला वयाने मोठा गिटारिस्ट त्याला म्हणाला, "हे सिनेमातलं गाणं आहे, आपण पंक वाजवतो. पंकला एवढी बोटं लागत नाहीत." मुलगा काही बोलला नाही. गिटार पिशवीत घातली आणि निघून गेला. तेव्हापासून डोकं तापलंय.

पंक, म्हणजे वेगवान, रांगडं रॉक, वाजवता आणि एजंट ऑरेंज हा बँड ऐकलेला नाही? कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतल्या प्लासेन्शियाची तीन पोरं: माइक पाम गिटार आणि गाण्यावर, जेम्स लेव्हेस्क बेसवर, स्कॉट मिलर ड्रम्सवर. पहिला अल्बम ‘लिव्हिंग इन डार्कनेस’, पॉश बॉय रेकॉर्ड्स, १९८१. फक्त आठ गाणी. आणि पहिल्या बाजूवर ‘एव्हरीथिंग टर्न्स ग्रे’ संपलं की पुढे काय येतं? ‘मिसिरलू’! तो सिनेमा, ‘पल्प फिक्शन’, आला १९९४ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी.

ती धून त्यांची नाही, गिटारिस्ट डिक डेलचीही नाही, पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी लोकधून आहे, हे मान्य. डेलने ती १९६२ मध्ये सर्फ रॉकमध्ये, म्हणजे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या सर्फरांच्या गिटार-संगीतात, आणली. पण ती या पोरांच्या हाती लागली यात नवल नाही. प्लासेन्शियाला खेटून फुलरटन आहे, जिथे गिटार बनवणारी फेंडर कंपनी होती. सर्फ गिटारचा तो ओला आवाज देणारं स्प्रिंग रिव्हर्बचं (स्प्रिंगने आवाजाला घुमारा देणारं) वेगळं खोकं फेंडरने १९६१ मध्ये काढलं. लाट नसेल त्या दिवशी सर्फर स्केटबोर्ड काढायचे. पॉलीयुरेथेनची चाकं आल्यावर पकड मिळाली, १९७६-७७ च्या दुष्काळात पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि त्यांच्या उतरत्या भिंतींवर पोरं लाटेवर वळावं तशी वळू लागली. सर्फ आणि पंक, दोन्ही संगीतं या सर्फर-स्केटर पोरांच्या एकाच वस्तीत वाढली. स्केटर पोरांच्या या पंकला ‘स्केट पंक’ हे नाव नंतर रूढ झालं, ठीक आहे. नावावरून वाद नको.

आता बोटांबद्दल. मिसिरलूचे स्वर आपल्या भैरवाचे आहेत: रे आणि ध कोमल, बाकी शुद्ध. सगळ्यात जाड ई तारेवर, मोकळ्या तारेला सा धरून, फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) या जागा बघा, ० म्हणजे मोकळी तार: ०, १, ४, ५, ७, ८, ११, १२. एकाच तारेवर पूर्ण भैरव! अडचण पहिल्या फ्रेटवरून चौथ्यावर जाताना येते. गिटारच्या त्या टोकाला फ्रेट रुंद असतात, बोट पुरत नाही आणि तिसऱ्यावर पडतं. गंधार कोमल होतो, भैरव जाऊन भैरवीची छटा येते. त्या मुलाचं नेमकं हेच होत होतं. त्यावर त्याला घरी पाठवायचं नसतं. हात ताणू नकोस, आख्खा पंजा सरकव, एवढंच सांगायचं असतं. एजंट ऑरेंजच्याच ‘ब्लडस्टेन्स’ गाण्याच्या सोलोत हाच पूर्वेकडचा वळसा ऐकू येतो. तेही पंक नाही का?

दुसरी चूक तारांची. त्याच्या गिटारवर ९ चा सेट होता, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची. जाड तारेवर खाली-वर जोरात पिक मारला की हलक्या सेटची तार फडफडते आणि प्रत्येक घावाला सूर क्षणभर वर चढतो. डेल तर १६ पासून सुरू होणारा सेट लावायचा. तिथवर जायची गरज नाही, ११ चा पुरे. पण तारा बदलून लगेच वाजवायला बसू नका. जाड तारा मान पुढे ओढतात, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढते, म्हणून ट्रस रॉड (मानेतला दांडा) पाव फेऱ्याने कसा, जरा थांबा, पुन्हा बघा. ट्रेमोलो ब्रिज (तारा धरणारा हलता पूल) पुढे झुकला तर मागे तीनऐवजी चार स्प्रिंगा लावा. नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत असेल तर खाच रुंद करून घ्या, नाहीतर ट्यूनिंग टिकणार नाही.

पेडल (पायाने चालवायची आवाज बदलणारी खोकी): आवाज फाडणारं डिस्टॉर्शन आधी, रिव्हर्ब नंतर. उलटं लावलं की रिव्हर्बचा घुमाराही डिस्टॉर्ट होतो आणि वेगवान पिकिंगचा चिखल होतो. आज त्या खोलीत उलटंच लावलं होतं! शिकवणाऱ्याने स्वतःच्या पायाखाली बघितलं असतं तरी पुरलं असतं.

ड्रमरसाठी: सर्फचा ठेका म्हणजे एकला किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), दोनला स्नेअरचे (काठीने वाजवायच्या कडक ड्रमचे) दोन झटपट घाव, तीनला किक, चारला स्नेअर. वेग वाढवला की दोनवरचा दुसरा घाव आधी गळतो, आणि उरतो नुसता सरळ पंकचा ठेका. मेट्रोनोम १२० वर ठेवा, तो घाव स्वच्छ वाजला की पाच-पाचने वाढवा.

तो मोठा गिटारिस्ट वाईट माणूस नाही. वर्षानुवर्षं खोलीचं भाडं तोच गोळा करतो, नव्या पोरांना स्वतःचा ॲम्प देतो. पण आज त्याने चूक केली. त्या मुलाला परत बोलवा, आधी ‘लिव्हिंग इन डार्कनेस’ची पहिली बाजू सगळ्यांनी एकत्र ऐका, मग चौथ्या फ्रेटपासून सुरुवात करा.

कुणाकडे ११ चा सेट पडून असेल तर कमेंटमध्ये सांगा. त्याच्यापर्यंत पोहोचवता येईल.