डोळ्यांखालच्या पिशव्या आणि मावशीच्या बंद झालेल्या गोळ्या

बुधवारी संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात मावशीकडे गेले होते. फ्रिजवरचा गोळ्यांचा डबा सहज उघडला, तर रविवारपासूनचे चारही खण भरलेले. मावशीच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, टाकून जेमतेम पाच महिने झालेत. विचारलं तर म्हणाली, "अगं, ऑपरेशनच्या आधी बंद करायच्या असतात ना," आणि मोबाइल पुढे केला.

मेसेज असा: डोळ्यांखालच्या पिशव्या, सुरकुत्या, काळी वर्तुळं 20 मिनिटांत कायमची गायब. टाका नाही, व्रण नाही, दुसऱ्या दिवशी लग्नात मिरवा. 10 दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करून उपाशीपोटी लसणाच्या 8 पाकळ्या खा. नंतर दुखलंच तर डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधून झोपा. सुश्रुताची विद्या, साइड इफेक्ट नाही.

मी इथेच नागपुरात डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरात 16 वर्षं सिस्टर आहे. मावशीच्या लेकाचं लग्न मे महिन्यात आहे, आणि हा मेसेज तिच्या भिशीच्या ग्रुपवर सगळ्याजणींना गेलाय. त्या सगळ्या साठीच्या पुढच्या, निम्म्या बीपी-शुगरवाल्या. म्हणून लिहितेय.

आधी गोळ्या. स्टेंट टाकल्यावर साधारण 6 ते 12 महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालतात. त्या मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो, माणूस जाऊ शकतो. पापणीच्या ऑपरेशनआधी कधीकधी अशा गोळ्या थांबवतात, हे खरं आहे, मान्य. पण कोणती थांबवायची, किती दिवस आणि मुळात थांबवायची का, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. वर लसूण! भरपूर लसूण, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांनीही रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून सर्जन तेच आधी बंद करायला लावतात. म्हणजे जीव वाचवणारी गोळी बंद आणि रक्त वाहवणारी गोष्ट सुरू. त्याच रात्री तिच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळ्या सुरू केल्या. वर्ष पूर्ण होईपर्यंत हौसेचं कुठलंही ऑपरेशन नाही, असं त्यांनी बजावलं.

मग ती घट्ट पट्टी. हे वाचून माझे हात थंड पडले. पापणीच्या ऑपरेशननंतर क्वचित डोळ्यामागे रक्त साचतं. अमेरिकेतल्या पापण्यांच्या सर्जन मंडळींची 2004 साली छापलेली पाहणी आहे, त्यात हे प्रमाण साधारण दोन हजारांत एक निघालं. कमी आहे, पण त्या एकीची दृष्टी काही तासांत कायमची जाऊ शकते. म्हणून आम्ही डोळे गच्च बांधून ठेवत नाही. पहिल्या रात्री पुन्हा पुन्हा उठवतो, एकेक डोळा झाकून "बोटं किती?" विचारतो. पेशंट वैतागतात, तरी विचारतो. एकाच डोळ्यात जोराची कळ, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, दिसायला अंधूक होणं, यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. तेव्हा टाके उसवून दाब मोकळा करावा लागतो. पट्टी बांधून झोपलेल्या बाईला सकाळपर्यंत काही कळणारच नाही.

"टाका नाही" हे अर्धं खरं. खालच्या पापणीची चरबी आतल्या बाजूने काढली तर बाहेर व्रण दिसत नाही. वरच्या पापणीला किंवा कातडी काढायची असेल तर टाके येतातच, साधारण 5 ते 7 दिवसांनी काढतात. सूज आणि निळं-काळं पडणं एक-दोन आठवडे राहतं, खरा आकार कळायला काही महिने लागतात. दुसऱ्या दिवशी मिरवायचं कसलं? त्यात आपला मे महिना, पारा 45 च्या घरात. ताजा व्रण उन्हाने काळा पडतो.

काळी वर्तुळं कातडीच्या रंगाची असतील तर चरबी काढून जात नाहीत. आणि वय थांबत नाही, तेव्हा "कायमची" हा शब्दही खोटा.

सुश्रुताचं नाव घेऊन तर लोकांना भुलवूच नये. कापलेलं नाक गालाच्या कातडीने जोडायची रीत सुश्रुतसंहितेत आहे. पुण्याकडे कपाळाची कातडी वळवून एका गाडीवानाचं नाक बसवल्याची हकीकत 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आली होती. ती शस्त्राने केलेली, शिकून आलेली कामं होती. 20 मिनिटांच्या पॅकेजशी त्यांचा काय संबंध?

मेसेजखाली पार्लरचा नंबर होता, डॉक्टरांचं नावच नव्हतं. हे काम प्लास्टिक सर्जनचं किंवा पापण्यांच्या शस्त्रक्रियेत तयार झालेल्या नेत्रतज्ज्ञाचं, आणि डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. मावशीसमोरच स्पीकरवर फोन लावला, ऑपरेशन कोण करणार आणि त्यांचा रजिस्ट्रेशन नंबर काय, विचारलं. "मॅडम, आधी ॲडव्हान्स पाठवा, मग सांगते." पुन्हा विचारलं, तर फोन कट. मावशीने काही न बोलता डबा जवळ ओढला आणि रात्रीची गोळी काढून माझ्याकडे पाणी मागितलं.