वूचचं तिकीट

आईला फोनवर सांगितलं, "माझी बदली वर्शावाला झालीय." ती म्हणाली, "बरं झालं, रविवारी डबा पाठवता येईल." ते वर्सोवा नव्हे, पोलंडची राजधानी आहे आणि आपल्याकडे तिला वॉर्सा म्हणतात, हे समजावण्यात दहा मिनिटं गेली. मग तिने विचारलं, "केवढं आहे?" मी आकडा सांगितला : १८ लाख ६० हजारांच्या आसपास. "म्हणजे आपल्या ठाण्याएवढंच की!" आणि खरंच, २०११च्या जनगणनेत ठाणं १८ लाख ४० हजारांचं होतं. देशातलं सगळ्यांत मोठं शहर, आणि आमच्या ठाण्याच्या मापाचं! दुसरं क्राकूफ, आठ लाखांचं. मग व्रोत्सवाफ, वूच आणि पाचवं पोझ्नान, ते तर साधारण कोल्हापूरएवढं. बायको म्हणाली, एवढीशी तर शहरं, शनिवार-रविवारी पाचही उरकतील.

उरकली. नावं मात्र अजून चालू आहेत.

वूचचंच घ्या. नकाशावर ते लोड्झ असं काहीतरी दिसतं. पण पहिल्या एलच्या पोटातून तिरकी रेघ मारली आहे, त्यामुळे त्याचा झाला व. ओच्या डोक्यावर काडी, म्हणून तो ऊ. उरलेल्या डी आणि झेडने मिळून च काढायचा. चार अक्षरं, आणि एकही दिलेल्या शब्दाला जागत नाही. मी आठवडाभर दाढी करताना आरशासमोर 'वूच, वूच' करत होतो. शनिवारी सकाळी स्टेशनच्या खिडकीपाशी छाती पुढे काढून म्हणालो, "वूच. दोन."

काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या, "दो वोजी?"

मी गार. "नाही, नाही. वूच."

"ताक," बाई म्हणाल्या. पोलिशमध्ये ताक म्हणजे हो. "दो वोजी."

"वोजी नको हो. वूच!"

मागे रांग वाढत होती. बायको कानाशी म्हणाली, "वोजी भलतंच गाव निघालं तर?" शेवटी मी कागदावर नाव लिहून काचेला चिकटवलं. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलाला घास भरवावा तसं एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "ताक. दो वो-जी." तिकिटावर मात्र छापलं होतं वूच.

त्यानंतर गाडी पकडायची. इथे फलाटाला एक नंबर आणि रुळाला वेगळाच नंबर. फलाट तीन, रूळ आठ. आम्ही आधी आठ नंबरचा फलाट शोधत फिरलो, हे वेगळं सांगायला नको.

गाडीत बसल्यावर बायकोची ट्यूब पेटली. "अरे, ही विभक्ती आहे!" ती मराठीच्या मास्तरांची मुलगी, त्यामुळे आनंद तिच्या चेहऱ्यावर मावेना. "वूच, पण 'ला' म्हणायला मागून 'दो' लावत नाहीत, पुढे लावतात, आणि मग त्याचं होतं वोजी. तू काय 'पुणेला जातो' म्हणतोस?" मी म्हटलं, आपली गोष्ट वेगळी. "काय वेगळी? साताऱ्याचे पेढे, ठाण्याची खाडी. एक तरी गाव जागचं हलल्यावर तसंच राहतं का?" पोलिशच्या विभक्त्या सात, आपल्या आठ. म्हणजे तक्रार करायचाही हक्क गेला.

मग तिचा खेळच झाला. दो क्राकोवा, दो व्रोत्सवाव्या. पोझ्नानला जायचं तर दो पोझ्नान्या. हे मला फार आवडलं. गण्या, बंड्या, पोझ्नान्या!

वूच या शब्दाचा अर्थ होडी. शहराच्या चिन्हावरही होडी आहे, फक्त ती सोडायला धड नदी नाही. जे ओढे होते तेही बरेचसे जमिनीखाली घातलेले. एकोणिसाव्या शतकात इथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या, आणि आता एका प्रचंड लाल विटांच्या गिरणीत मॉल आहे. त्या भिंतीपाशी मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. आजोबा लालबागला साच्यावर होते. भोंगा तेवढा नव्हता, बाकी सगळं ओळखीचं.

क्राकूफचा पीळ वेगळा. १५९६पासून राजाने दरबार वर्शावाला हलवायला घेतला, तो राग अजून ताजा आहे. घराबाहेर पडायला वर्शावाचे लोक 'वाड्यावर जातो' म्हणतात, क्राकूफचे 'शेतावर जातो'. मी हसलो, तर तिथल्या सहकाऱ्याने ऐकवलं, "आम्ही मुळात वाड्यात राहतो, म्हणून बाहेर पडलं की शेत लागतं. वाड्यावर जावं लागतं ते कुळांना." या माणसाचं मूळ घर सदाशिव पेठेत असणार, अशी माझी खात्री आहे.

व्रोत्सवाफमध्ये रस्तोरस्ती ब्राँझचे बुटके बसवलेत, शेकड्यांनी. ते मोजताना शहर बघायचं राहिलं. पोझ्नानला भर बारा वाजता नगरभवनाच्या घड्याळावर दोन पत्र्याचे बोकड बाहेर येतात, बारा टकरा मारतात आणि आत जातात. आमच्या सोसायटीच्या मीटिंगला यापेक्षा जास्त वेळ लागतो, निष्पत्ती तीच.

परवा ऑफिसातला एक पोलिश सहकारी माझ्या टेबलाशी आला. त्याची आजी लहानपणी कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८ तिथे निर्वासित पोलिश लोकांची छावणी होती, पाचेक हजार माणसांची. त्याला ती जागा बघायची आहे. विमान पुण्याचं. चार वाक्यं शिकव म्हणाला, आणि वही उघडून स्वतःच जुळवलेलं पहिलं वाचून दाखवलं : "मी पुणेला जातो."

"पुण्याला," मी म्हणालो.

त्याने वही बघितली. मोबाईलवर तिकीट उघडून बघितलं. "माझं तिकीट पुणेचं आहे," तो काळजीने म्हणाला. "पुण्या तिथून किती लांब?"

मी खुर्ची सरकवून नीट बसलो. एकेक अक्षर सुटं केलं.

"ताक. पु-ण्या-ला."