सिरॅमिक पॅड का दिले नाहीत आणि रोटर का बदलले: एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

अभिप्राय वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ब्रेकचे सिरॅमिक पॅड मागितले तर आम्ही सेमी-मेटॅलिक (धातू मिसळलेले) बसवले, भोकांचे रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड जिच्यावर दाबले जातात त्या चकत्या) हवे होते ते दिले नाहीत, नुसते पॅड बदलून भागलं असतं तिथे रोटरही गळ्यात मारले आणि तासाभराच्या कामाला अर्धा दिवस लावला. शिवाय आता सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला कुरकुर येते आणि पॅडच्या भुकटीनं पुढची चाकं काळी होतात. कुरकुर आणि काळी भुकटी, दोन्ही खरं आहे. गाडी ताब्यात देताना तुम्हाला ते सांगितलंही होतं. बाकीच्या मुद्द्यांची उत्तरं इथेच देतो, कारण तीन रांगांची जड गाडी चालवणारे इतरही हे वाचणार आहेत.

तुम्ही अभिप्रायात लिहिलं नाहीत, पण काम टाकताना एक गोष्ट सांगितली होती. पूर्ण भरलेली गाडी, मागे ट्रेलर, लांब उतार. जळका वास यायला लागला आणि गाडी थांबेना. तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता: पेडल मऊ पडून खाली गेलं, की कडकच राहिलं? तुम्ही म्हणालात, कडक होतं, जोर लावूनही गाडी ऐकत नव्हती. कुठले पॅड घालायचे हे माझ्यासाठी तिथेच ठरलं.

पेडल खाली जातं तेव्हा बहुधा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइलची वाफ झाली की ती दाबली जाते आणि पायाचा जोर कॅलिपरपर्यंत, म्हणजे पॅड रोटरवर दाबणाऱ्या पकडीपर्यंत, पोचतच नाही. पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल तर जोर पोचतोय, पण तापलेल्या पॅडनं पकड सोडलेली आहे. तुमचा प्रकार दुसरा. अशा गाडीला पुन्हा भुकटी कमी निघते म्हणून तसेच पॅड घालायचे, हे मला पटलं नाही आणि अजूनही पटत नाही.

जड गाडीत उष्णता किती होते याचा अंदाज सहसा येत नाही. अडीच हजार किलोची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबवली की साडेनऊ लाख ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ तीन लिटर साधं पाणी उकळीला येईल. यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. वेग 120 असेल तर हाच आकडा 44 टक्क्यांनी वाढतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. उताराचा हिशोब आणखी वाईट. 300 मीटर उंचीवरून खाली येताना या गाडीची 73 लाख ज्यूल ऊर्जा कुठे ना कुठे जिरायला हवी, म्हणजे 100 वरून साडेसात वेळा गाडी थांबवल्यासारखं. काही भाग हवा खाते, काही इंजिन खातं, तेही तुम्ही खालच्या गिअरमध्ये असाल तर. उरलेलं सगळं रोटर आणि पॅडच्या अंगावर, आणि मध्ये थंड व्हायला उसंत नाही. ट्रेलरचं वजन यात धरलेलंच नाही.

सिरॅमिक पॅड वाईट असतात असं मी म्हणत नाही. शहरात चालणाऱ्या, ओझं न ओढणाऱ्या गाडीला मी स्वतः तेच सुचवतो. आवाज कमी, भुकटी कमी आणि फिकट, रोटरची झीजही कमी. पण खोक्यावर ‘सिरॅमिक’ छापलं म्हणून आतला मसाला कोणता आणि किती तापमान सोसेल हे कळत नाही. जड वापरासाठी बनवलेले चांगले सिरॅमिक पॅडही मिळतात. तुम्ही ज्या सेटचा फोटो पाठवलात तो त्यातला नव्हता.

हे मी फोटोवरूनच ओळखलं. पॅडच्या कडेला छापलेल्या ओळीत दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यानंतरची. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. तुमच्या फोटोतल्या पॅडवर एफई होतं, म्हणजे तापल्यावर पकड एक पायरी उतरते हे बनवणाऱ्यानंच लिहून दिलेलं. आम्ही बसवलेल्या पॅडवर एफएफ आहे. आता, ही अक्षरं छोट्या तुकड्यावरच्या चाचणीतून येतात. पॅड किती टिकेल, किती आवाज करेल, तुमच्याच गाडीवर कसा वागेल, यातलं काही ती सांगत नाहीत. म्हणून आम्ही दुसरी खूणही बघतो. पॅडच्या पाठीवर वर्तुळात ई आणि सोबत 90आर असा क्रमांक असेल तर तो संयुक्त राष्ट्रांच्या आर 90 या बदली ब्रेक-पॅडच्या नियमाप्रमाणे तपासलेला असतो. त्या नियमात बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या 15 टक्क्यांच्या आत असावी लागते. तुमच्या पॅडवर ती खूण आहे. चाकाच्या जाळीतून नीट दिसणार नाही, चाक काढलं की दिसेल.

आता रोटर. ‘रोटर छान चकचकीत होते’ असं तुम्ही लिहिलंय. चकचकीत होतेच, पॅड घासून घासून प्रत्येक रोटर चकचकीत होतो. जाडी डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या रोटरच्या टोपीवर (मधल्या उंच भागावर) किमान जाडी 28 मिलीमीटर अशी कोरलेली आहे. मायक्रोमीटर लावून गोलाकार आठ ठिकाणी मोजलं, तुम्ही तिथेच उभे होता. सर्वांत पातळ जागी 28.10, सर्वांत जाड जागी 28.14. हा 0.04 मिलीमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो, पण ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरायला एवढा पुरतो, आणि थरथरीची तक्रार घेऊनच तुम्ही आला होतात. लेथवर घासून तो सपाट केला असता तर दोन्ही बाजूंचं मिळून जेवढं निघतं त्यात रोटर 28 च्या खाली गेला असता. न घासता त्यावर नवे पॅड घातले असते तर पॅड त्याच उंचवट्यांवर बसले असते आणि महिन्याभरात तुम्ही थरथर घेऊन परत आला असता. शिवाय पृष्ठभागावर निळसर डाग होते. तिथलं लोखंड तापून कडक झालेलं असतं, ते घासूनही पूर्ण जाईल याची खात्री नसते. रोटर पातळ झाला की उष्णता साठवायला धातूही कमी उरतो, आणि तुमच्या गाडीची तर सगळी अडचणच उष्णतेची.

भोकांच्या रोटरचं मात्र एका परिच्छेदात संपवतो. दिसायला झकास, जाळीच्या चाकामागे तर फारच. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू निघायचा, त्याला वाट मिळावी म्हणून भोकांचा उपयोग होता. आजच्या पॅडला ती गरज फारशी राहिली नाही. उलट भोक पाडलं तेवढा धातू गेला, आणि वारंवार तापून गार होणाऱ्या रोटरला पहिली चीर भोकाच्या कडेलाच पडते. ओझं ओढणाऱ्या गाडीला मी ते बसवत नाही. खाचांचे रोटर चालले असते, चिखलपाण्यात ते पॅडचा पृष्ठभाग पुसत राहतात. पण ते गुणगुणतात आणि पॅड लवकर खातात. सकाळच्या कुरकुरीवर तुम्ही तारे कापलेत, त्यामुळे साधे, आतून हवा खेळणारे रोटर दिले हेच बरं झालं असं आता वाटतं!

अर्धा दिवस का लागला? जुना रोटर काढून नवा ठोकला तर तासाभरात होतं, हे खरं. पण तुमच्या हबवर (रोटर ज्यावर बसतो त्या मधल्या भागावर) गंजाचा थर होता. तो तसाच ठेवून नवा रोटर वर बसवला तर रोटर किंचित तिरका फिरतो आणि काही हजार किलोमीटरमध्ये नव्या रोटरचीही जाडी कमी-जास्त होते. हब घासून साफ केला, रोटर बसवून डायल गेजनं डगमग मोजली, ती 0.03 मिलीमीटर आली. डावीकडच्या कॅलिपरची एक स्लाइड पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) जाम होती, ती काढून साफ करून रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. ब्रेक ऑइल तपासलं तर पाणी धरलेलं निघालं, म्हणून तेही पूर्ण बदललं. नवं डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की हमी 155 अंशांचीच उरते. या खेपेला पॅडनं दगा दिला, पुढच्या उतारावर ऑइलनं दिला असता. शेवटी चाकाचे नट इम्पॅक्ट गननं न आवळता टॉर्क रेंचनं, समोरासमोरच्या क्रमानं आवळले आणि गाडी मोकळ्या रस्त्यावर नेऊन नवे पॅड रोटरवर घासून नीट जुळवून आणले. यातलं काहीही जॉब कार्डच्या बाहेरचं नाही, आणि रोटर व पॅडच्या बदलाला तुमची मंजुरी त्याच कार्डावर आहे.

तुमचा वापर खरोखर बदलणार असेल, ट्रेलर बंद आणि गाडी फक्त शहरात, तर सांगा. मी आनंदानं सिरॅमिक बसवून देईन, रोटरला हात लावावा लागणार नाही. भुकटीसाठी चाकं नियमित साध्या पाण्यानं धुवा. ती साचू दिली तर रंगात रुतून बसते.

आवाजाबद्दल शेवटचं. रात्रीच्या दमटपणानं रोटरवर गंजाचा पातळ पापुद्रा धरतो, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो आणि कुरकुर थांबते. गाडी गरम झाल्यावरही आवाज येत राहिला, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखराट आला, किंवा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली, तर ते नेहमीचं नाही. तसं झालं तर वेळ न ठरवता सरळ गाडी घेऊन या, आधी तुमचं चाक काढू.